गाण्यांची दुरुस्त केलेली नावं

तुमच्या बाबांनी तुम्हाला माझा एक फोटो पाठवला आहे. त्यात मी कानांवर मोठे हेडफोन चढवून हार्मोनियमसमोर बसले आहे आणि शेजारी लॅपटॉप उघडा आहे. खाली त्यांनी लिहिलं होतं, ‘आजी डीजे झाली.’ तुम्ही दोघं खूप हसलात, आणि धाकटीने तो शाळेत मैत्रिणींनाही दाखवला असं कळलं. मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, अजून वाजवतेस का?" मी म्हणाले की नेटवर्क नीट नाही, आणि फोन ठेवला. नेटवर्क नीट होतं. म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं. पण इंग्रजीत मला माझी चूक देखणी करून मांडता येते, ही माझी सवय मला माहीत आहे. मराठीत तेवढी सोय नाही. तुमची आई वाचून दाखवेल.

आपल्या हिंगोलीच्या घरामागे पत्र्याची खोली आहे, ती तुम्ही पाहिली आहे. दोन वर्षांपूर्वी तिथे एक जोडपं भाड्याने राहायला आलं. तो साखरा गावचा, अठ्ठावीस वर्षांचा. त्याच्या घरी मेंढ्या आणि थोडं कोरडवाहू रान. ती डोंगरकड्याची, दहावी झालेली, घरी बसून ब्लाउज शिवणारी. तो मला मॅडम म्हणायचा, ती आजी म्हणायची. दिवसा तो एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसायचा आणि लग्नसराईत एका डीजेवाल्याच्या गाडीवर जायचा.

तुमच्याकडे डीजे म्हणजे एक माणूस असतो. आमच्याकडे डीजे म्हणजे आधी गाडी. पिकअपवर माणसाच्या उंचीचे स्पीकर रचलेले, त्यांच्या मागे जनरेटर, आणि या सगळ्याच्या मधे कुठेतरी मशीनवर एक माणूस. मशीन मालकाच्या हातात असायची. याच्याकडे स्पीकर चढवणं आणि वायरी जोडणं. त्याने स्वतःसाठी एक जुनी मशीन घेतली होती. तिच्यावर दोन गोल चकत्या आणि बरीच बटणं. ती लॅपटॉपला जोडून तो संध्याकाळी सराव करायचा.

पहिल्यांदा मी त्याच्या दारात गेले ती आवाज कमी कर म्हणायला. पण चार संध्याकाळी मी भिंतीतून तीच दोन गाणी ऐकली होती, आणि एक संपून दुसरं सुरू होताना दरवेळी दातांखाली खडा यावा तसं व्हायचं. दारात उभी राहिले आणि तोंडातून भलतंच निघालं.

"तुझं दुसरं गाणं अर्ध्या सुराने चढं आहे. म्हणून ती दोन भांडतात."

तो उठून उभा राहिला. "ताल तं बराबर हाय मॅडम. मशीनच जुळवून देती."

"ताल जुळला आहे. सूर जुळलेला नाही."

चुलीपाशी बसलेली त्याची बायको म्हणाली, "मी म्हणलं न्हवतं का, कायतरी खुपून राहिलं म्हणून. तं म्हणतेत, तुला काय कळतंय त्याच्यातलं."

"तू खुपतंय म्हणली. कुठं खुपतंय ते कुठं सांगितलं?"

"मला खुपलं ना, ते सांगितलं. काटा काढायचं काम तुमचं."

माझे वडील देवळात पूजेला होते आणि कीर्तनाला हार्मोनियमची साथ करायचे, हे तुम्हाला माहीत आहे. त्यांनी मला गाणं शिकवलं नाही, पण सूर ओळखायला शिकवलं. दुसऱ्या दिवशी मी पेटी काढली, भाता पुसला आणि त्याला दाखवलं की त्याचं पहिलं गाणं काळी एकवर आहे आणि दुसरं पांढरी दोनवर. या दोन पट्ट्या एकीला लागून एक असतात आणि एकत्र दाबल्या की कान दुखतो. त्याने त्या स्वतः दाबून पाहिल्या. मग पहिलीबरोबर मधल्या सहा पट्ट्या सोडून एक दाबली आणि म्हणाला, "हे गोड लागतंय." इथून आमचं सुरू झालं.

त्याला जुजबी सगळं येत होतं. एक बटण दाबलं की दोन गाण्यांचा ताल आपोआप जुळतो, आणि एवढ्यावर पोट भरणारे जिल्ह्यात पुष्कळ आहेत, असं तो म्हणायचा. त्याला त्याच्या पुढचं हवं होतं. मोबाइलवर तो परदेशातल्या लोकांचे धडे पाहायचा, पण ते इंग्रजीत. मी ते ऐकायचे आणि त्याला मराठीत सांगायचे. गाणं आठ-आठ मात्रांच्या ओळींनी चालतं, आणि दुसरं गाणं आत आणायचं ते ओळ संपते तिथेच, मधे नाही. हे मला लगेच समजलं, कारण मुलांकडून कविता म्हणून घेताना मी बोटांवर असंच मोजत असे. दोन गाण्यांचे जड आवाज एकदम वाजले की नुसता चिखल होतो, म्हणून एकाचा खाली आणत आणत दुसऱ्याचा वर न्यायचा. आणि सगळ्यात अवघड म्हणजे हलगी. हलगीवाले समोर उभं राहून वाजवतात. त्यांचा ताल लॅपटॉपमध्ये नसतो, तिथे बटण चालत नाही. हलगी चालू असतानाच तिच्याखालून गाणं असं आणायचं की नाचणाऱ्याचा पाय थांबू नये. आमच्या भागात हे दोघा-तिघांनाच येतं, असं तो म्हणायचा. त्याला चौथा व्हायचं होतं.

मी एक वही केली. डावीकडे गाणं, उजवीकडे त्याची पट्टी, आणि त्याच्यापुढे कोणत्या गाण्यांशी ते जमेल त्यांची यादी. लॅपटॉपही सूर सांगतो, पण हलगी-ढोलकीच्या गर्दीत तो पुष्कळदा चुकतो. म्हणून दुपारी मी हेडफोन लावून एकेक गाणं ऐकायचे आणि पेटीवर तपासायचे. पत्र्याखाली उन्हाळ्यात लॅपटॉप तापायचा, त्यामुळे दिवसभर तो माझ्याच टेबलावर असायचा. तुमच्या बाबांनी फोटो काढला तो याच दिवसांत.

मला ते आवडत होतं. पण भजनी मंडळातल्या बायका यायच्या वेळी मी लॅपटॉपवर टॉवेल टाकायचे. एकीने विचारलंच, तेव्हा नातवाचा आहे असं सांगितलं. ही तशी लहान गोष्ट होती. पण पुढे जे केलं ते याच स्वभावातून आलं, म्हणून लिहिते आहे.

तो प्रत्येक गाण्यात खुणा करून ठेवायचा. हे तुम्हाला नीट कळलं पाहिजे. गाणं सुरुवातीपासून वाजवायचं नसतं. कुठून उचलायचं, कुठे सोडायचं, कोणता तुकडा पुन्हा फिरवायचा, त्या नेमक्या जागी तो लॅपटॉपवर खूण करायचा. मग एक बटण दाबलं की गाणं तिथूनच उचललं जायचं. दोन महिने रोज बसून त्याने लग्नाच्या सगळ्या गाण्यांवर खुणा केल्या होत्या. मला त्याने एकदाच बजावलं होतं, "गाणी इकडची तिकडं नका करू मॅडम. मशीनला मंग सापडत न्हाईत."

वैशाखात मालकाने त्याला संधी दिली. गोरेगावात एका लग्नाचा परण्या होता. परण्या म्हणजे लग्नाआधी नवरदेव घोड्यावर बसून वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो, ती मिरवणूक. मालक त्याला म्हणाला, "गोरेगावचा परण्या तू घे. जमलं तं सीझनभर मशीन तुझ्याकडं. न्हाई जमलं तं वायरी हाईतच." नवरदेव त्याच्या नात्यातला. साखऱ्याहून त्याचे वडील आणि भावकी येणार होती. मलाही त्याने आग्रहाने बोलावलं. "तुमी नसल्या तं कसं होईल. निम्मं तुमचं हाय."

परण्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी लॅपटॉप उघडला. वहीचं काम संपलं होतं. समोर लग्नाच्या गाण्यांची यादी होती आणि त्या गाण्यांची नावं. ‘हळद’ हा शब्द त्याने रोमन अक्षरांत चार गाण्यांवर चार तऱ्हांनी लिहिला होता. कुठे फायनल, कुठे फायनल दोन, कुठे नुसतं ‘हेच वाजवायचं’. मला ते रोजच खुपायचं. त्या दिवशी मी पहिलं नाव दुरुस्त केलं. मग दुसरं. मोठी अक्षरं जिथे हवीत तिथे घातली, उगाचचे आकडे काढले, एका गाण्याचं नाव सगळीकडे एकाच पद्धतीने लिहिलं. त्याचा शब्द मला आठवत होता. पण मी गाणी इकडची तिकडे करत नव्हते. गाणी जागच्या जागी होती, नावं फक्त सुधारत होते. अशी मी माझी समजूत घातली. मला आतून ठाऊक होतं की विचारायला हवं. विचारलं असतं तर तो नको म्हणाला असता, आणि मला त्या यादीकडे तसंच बघत बसावं लागलं असतं.

मी स्वतःला सांगितलं की ही त्याला भेट आहे. ती भेट नव्हती. दोन महिने ज्याच्याकडून मी नवं शिकत होते त्याची स्पेलिंगं मला बघवत नव्हती, एवढंच ते होतं. सगळी झाल्यावर मी यादी वरून खाली वाचली आणि मला फार बरं वाटलं.

लॅपटॉप गाण्याला त्याच्या नावानेच ओळखतो. नाव बदललं की त्याच्या दृष्टीने ते गाणं गेलं, आणि गाण्याबरोबर त्यावरच्या खुणाही. हे मला नंतर कळलं. संध्याकाळी बायको लॅपटॉप घेऊन गेली आणि तिने तो चार्जिंगला लावला. त्याला दुकानातून यायला उशीर झाला, सकाळी पिकअप दारात आली, आणि तो न उघडताच घेऊन गेला.

मी आणि त्याची बायको जीपने गोरेगावला गेलो. बाजारच्या रस्त्यावर चार वाजता परण्या निघाला. माझ्यासाठी देवळापुढे सावलीत खुर्ची ठेवली होती, शेजारी नवरदेवाची मामी बसली होती. पहिली दोन गाणी व्यवस्थित वाजली. त्यांची नावं मुळातच बरी होती, त्यांना मी हात लावला नव्हता. हलगीखालून त्याने पहिलं गाणं आणलं ते इतकं अलगद की ते कधी सुरू झालं हे मलाही सांगता आलं नसतं. त्याचे वडील पांढरा फेटा बांधून गाडीबरोबर चालत होते आणि ओळखीच्या माणसाला कोपर मारून वर मशीनकडे बोट दाखवत होते.

देवळापाशी गाणं थांबलं. नवरदेव आत गेला. तो बाहेर पाऊल टाकेल त्या क्षणी गाणं उचलायचं असतं, तीच परण्याची खरी वेळ. नवरदेव बाहेर आला आणि काहीच वाजलं नाही. वर तो लॅपटॉपवर वाकला होता. मग एक गाणं सुरू झालं, पण अगदी सुरुवातीपासून, आधीचं बोलणं आणि कंपनीच्या जाहिरातीसकट. त्याने ते बंद केलं.

"ओ डीजे, चहा पिऊन येऊ का?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"घोडं बी झोपलं राव."

तो गाडीवरून उतरला आणि थेट माझ्याकडे आला. घामाने भिजला होता. खाली वाकून हळूच म्हणाला, "मॅडम, गाणी सापडून न्हाई राहिली. समदी नावं लाल दिसून राहिली. काल तुमी ऐकली तवा व्हती ना?"

"होती," मी म्हणाले.

हे खोटं नव्हतं. एवढंच माझ्या मनात आलं, की हे खोटं नाही. त्या क्षणी मी सांगितलं असतं की नावं मी बदलली आहेत, तर खुणा परत आल्या नसत्या, पण गाणी सापडली असती. नवी नावं मला पाठ होती. मी त्याच्याबरोबर गाडीपाशी उभं राहून एकेक सांगू शकले असते. पण शेजारी मामी बसली होती, समोर सगळं गाव होतं, आणि निवृत्त मुख्याध्यापिकेने डीजेच्या लॅपटॉपशी काय केलं हे त्या सगळ्यांसमोर मला उच्चारायचं नव्हतं.

तो परत वर गेला. मामीने विचारलं, "तुमच्या वळखीचा हाय का?"

"आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहतो, एवढंच."

त्याची बायको माझी पाण्याची बाटली धरून खुर्चीमागे उभी होती. तिने ऐकलं की नाही, ते मी तिला कधी विचारलेलं नाही.

हलगीवाल्यांनी वेळ सांभाळली, ते आपणहून वाजवायला लागले. त्याने एक-दोनदा त्यांच्यात गाणं घालून पाहिलं, पण खुणांशिवाय ते अंदाजाने पडत होतं आणि नाचणारे अडखळत होते. मग मालक वर चढला. मी बसले होते तिथवर त्याचा आवाज आला. "उतर खाली. वायर धर." तो उतरला आणि वायर धरून गाडीमागे चालू लागला. त्याच्या वडिलांनी नंतर कुणालाही कोपर मारलं नाही. ते जेवायला न थांबता साखऱ्याकडे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा गाळत होते आणि मागून बोलणं ऐकू आलं.

"काय दाबलं व्हतं ते सांग ना."

"काईच न्हाई दाबलं. पिन लावली फक्त."

"मंग आपोआप झालं का?"

"ते मला काय माहीत. मी तं उघडलाबी न्हाई."

"उघडल्याबिगर गाणी कशी गेली मंग?"

थोड्या वेळाने तो माझ्याकडे आला आणि ती त्याच्यामागे. डोळे सुजलेले. तो म्हणाला, "मॅडम, तुमीच सांगा हिला. समजत न्हाई तं हात काहून लावायचा?"

मी हातातली गाळणी खाली ठेवली. तेव्हा एकच वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "नाजूक वस्तू असते. जपून हाताळायला हवी."

हे वाक्य मी शाळेत प्रयोगशाळेतल्या मुलांना म्हणायचे. ते मी तिला म्हणाले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, जणू आता मॅडमनेच सांगितलं म्हटल्यावर विषय संपला.

त्यानंतर ती त्याच्या कुठल्याच वस्तूला हात लावेना. मशीनवर धूळ बसली तरी पुसायची नाही. चार दिवसांनी ती माहेरी डोंगरकड्याला जायला निघाली. आईची तब्येत बरी नाही, असं म्हणाली. जाण्याआधी सांगायला आली आणि उंबऱ्यात थांबली.

"आजी, एक इचारू का? नुसतं चार्जिंगला लावल्यानं गाणी जातेत का?"

पोरांनो, मी हजारो मुलांच्या प्रश्नांना उत्तरं दिली आहेत. येत नसेल तिथे येत नाही असं सांगितलं आहे. हिच्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं.

"काही सांगता येत नाही," मी म्हणाले.

ती गेली. तो एकटा रोज संध्याकाळी बसून गाणी नव्याने उतरवून घ्यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून खुणा करायचा. माझ्याकडे यायचा, वही विचारायचा, बसायचा, चहा घ्यायचा. मी त्याला पट्ट्या सांगायचे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असतं की काही बदललेलं नाही. मी रोज ठरवायचे की आज सांगू, आणि रोज काहीतरी कारण निघायचं. आज तो थकला आहे. आज तो खुशीत आहे, उगाच कशाला. असे नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी तो लॅपटॉप घेऊन आला आणि त्याने ती यादी माझ्यासमोर धरली.

"मॅडम, हे बगा. मी म्हणत व्हतो गाणी गेली. गेली न्हाईत. नावं बदलली समद्याची."

मी पाहिलं. प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, आकडे नाहीत, सगळं एकासारखं एक. माझीच यादी. शाळेतल्या सूचनाफलकावर मी जशी लावत असे तशी.

"हिला एवढं इंग्रजी येत न्हाई," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मशीननं आपोआप केलं असन. अपडेट बिपडेट आला की करती ती कधी कधी."

मला वाट काढून देण्यासाठी तो हे म्हणाला, हे मला कळलं. वाईट हे, की मी क्षणभर त्या वाटेकडे बघितलं. असेल, अपडेट असेल, एवढं म्हटलं की झालं असतं. तो मान्य करून उठून गेला असता.

"मशीनने नाही केलं," मी म्हणाले. "मी केलं. परण्याच्या आदल्या दिवशी. तुझी स्पेलिंगं चुकलेली होती, ती मी दुरुस्त केली. गोरेगावात तू विचारायला आलास तेव्हाच मला कळलं होतं."

त्याने लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "व्हय. दुपारी पाहिलं तवाच वाटलं. पन तुमाला माहीत असून तुमी बोलल्या न्हाई, असं कसं होईल म्हनलं. म्हनून अपडेट वाटलं."

मी म्हणाले की माझं चुकलं. त्याने मान हलवली. शिक्षकाला समजलं असं दाखवायला मुलं हलवतात तशी. मग खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि माझ्यापुढे धरला.

"हे तिला तुमीच सांगा. मी सांगितलं तं तिला वाटन, मी तुमच्यावर ढकलून राहिलो."

मी तिला सांगितलं. पलीकडे शिलाई मशीनचा आवाज येत होता, तो थांबला. ती म्हणाली, "म्हंजे माझ्या हातून न्हाई झालं?"

"नाही. तू फक्त चार्जिंगला लावलास."

"मी तं इकडं आईला सांगून बसले आजी. माझ्याच हातून झालं म्हणून. सासऱ्याला बी फोन करून माफी मागितली." मग म्हणाली, "आता तुमीच आईला सांगा. हितंच बसली हाय ती."

आणि तिने फोन आईला दिला. ज्या बाईला मी कधी पाहिलं नव्हतं, तिला मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. नावं का बदलली, गोरेगावात काय विचारलं गेलं आणि मी काय उत्तर दिलं, तिच्या मुलीला मी काय म्हणाले. मधे मधे ती "हं" म्हणत होती. शेवटी म्हणाली, "बरं. पोरीला इतके दिवस झोप न्हवती, तेवढं सांगते तुमाला." आणि फोन बंद झाला.

तिच्या सासऱ्याला, म्हणजे साखऱ्याच्या त्या पांढऱ्या फेट्यातल्या माणसालाही मी त्याच दिवशी फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं. मोठ्या माणसाच्या हातूनही होतं, असं म्हणाले. त्यांच्या आवाजात राग असता तर मला ऐकणं सोपं गेलं असतं.

राहिला मालक. मी म्हणाले, "उद्या मी स्वतः जाऊन त्यांना सांगते. तुझी चूक नव्हती हे त्यांना कळलं पाहिजे."

"न्हाई मॅडम. त्याला नका सांगू."

"का?"

"परण्याच्या आदल्या दिवशी लॅपटॉप म्हातारीच्या हातात देऊन बसला, असं म्हनन तो. वरून चार जणाला सांगन. माझं काम जमलं न्हाई, एवढंच राहू द्या. ते बरं हाय."

मी कबूल करायला तयार होते, आणि माझी कबुली त्याच्या कामाची नव्हती. ती गोरेगावातच उपयोगाची होती. तो दिवस गेल्यावर माझं खरं बोलणं फक्त माझ्या मनाला हलकं करणार होतं आणि त्याचं आणखी हसं करणार होतं. म्हणून मी मालकाकडे गेले नाही. त्याच्या लेखी तो परण्या अजूनही याच्याच हातून बिघडलेला आहे.

त्या लग्नसराईत त्याला पुन्हा मशीन मिळाली नाही. तुळशीचं लग्न होऊन पुढची सुरू झाली तरी तो वायरीच ओढत होता. बायको डोंगरकड्याहून आली. माझ्याशी ती बोलते, सणाला ताट आणून देते, पण कुठला प्रश्न विचारायला म्हणून येत नाही. लॅपटॉप आता त्यांच्याच खोलीत असतो. तिथल्या खिडकीला तिने ओला ठेवायचा पडदा शिवला आहे, लॅपटॉप तापू नये म्हणून.

मागच्या महिन्यात सेनगावकडच्या एका लग्नात मालक तापाने झोपला आणि मशीनवर याला बसवलं गेलं. मला हे जीपमध्ये दुसऱ्या कुणाकडून कळलं. हलगीत त्याने असं काही गाणं सोडलं की म्हाताऱ्या बायकासुद्धा उठल्या, असं तो माणूस सांगत होता. त्या दिवशी सगळा वेळ बायको पिकअपवर त्याच्या शेजारी बसली होती, आणि गाणी तीच काढून देत होती.

संध्याकाळी तो दुकानातून आला तेव्हा मी अंगणात होते. मी विचारलं, "सेनगावचं कसं झालं?"

पूर्वी असा प्रश्न विचारला की तो पायरीवर बसायचा आणि कुठलं गाणं कुठून उचललं, कुठे पाय थांबले, कुठे हलगीवाल्याने वर मान करून पाहिलं, हे अर्धा तास सांगत राहायचा.

"बराबर झालं, मॅडम," तो म्हणाला, आणि चपला काढून आत गेला.

मला आणखी पुष्कळ विचारायचं होतं. कोणत्या गाण्यावरून कोणत्या गाण्यावर गेला, पट्टी कोणती होती, ओळ संपताना गेला की आधी. मी काही विचारलं नाही. विचारायचा हक्क मी गोरेगावात खुर्चीवर बसल्या बसल्या घालवला आहे, आणि तो परत मागता येत नाही.